मनिलाची अटांग : सावकाराला खलनायक ठरवणाऱ्या रंगभूमीची राणी

आमचे मामू पंचवीस वर्षे मालवाहू जहाजांवर होते. कोकणातल्या मुस्लिम घरांतून जहाजावर जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. आमच्या मोहल्ल्यात दोन-तीन घरांआड एक तरी खलाशी निघतो. मामू सुट्टीवर आले की आम्ही पोरेटोरे त्यांच्या भोवती बसायचो आणि त्यांच्या तोंडी एक शब्द हमखास यायचा, फिलिपिनो. "निम्मं जहाज त्यांचंच असतं," मामू सांगत. "काम करताना गातात, जेवताना गातात, वादळात सापडलो तरी गातात."

गेल्या वर्षी मामू अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या जुन्या सोबत्याने मनिलाहून भाचरांसाठी निरोप पाठवला : "तुमच्या मामूंनी माझ्या घरी यायचं कबूल केलं होतं. ते राहिलं. आता तुम्ही या." अशा बोलावण्याला नाही कसे म्हणायचे? आम्ही दोघे आणि आमची चौदा वर्षांची लेक असे तिघे निघालो. अम्मीने एवढेच बजावले, "खाण्यापिण्याचं बघा, आणि जुम्याची नमाज चुकवू नका."

आठ दिवसांनी परत आलो तेव्हा आमच्या बोलण्यात मशिदीपेक्षा, समुद्रापेक्षा एका गायिकेचेच नाव जास्त होते. अम्मी वैतागली. "एवढा खर्च करून गेलात आणि एका नाटकवालीची गोष्ट घेऊन आलात?" तिला जे सांगितले तेच आज इथे मांडतो आहोत.

कियापोचा जुमा

मामूंचे मित्र आता ऐंशीच्या घरात आहेत. तिकडे आजोबांना 'लोलो' म्हणतात. आम्हीही त्यांना लोलोच म्हणू लागलो. ते ख्रिस्ती आहेत, पण शुक्रवारी सकाळी स्वतःच म्हणाले, "चला, तुम्हाला कियापोला पोचवतो. तुमच्या मामूंना मी दर वेळी तिथंच सोडायचो."

कियापो म्हणजे मनिलाचा सर्वांत गजबजलेला भाग. आपला क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि मोहम्मद अली रोड एकत्र करावेत, तसा. एका बाजूला तिथल्या ख्रिस्ती लोकांचे मोठे श्रद्धास्थान असलेले कियापो चर्च आणि तिथून चालत काही मिनिटांवर सोनेरी घुमटाची मशीद, मस्जिद अल-दहब. ही मशीद १९७६ मध्ये बांधली गेली. लिबियाचे गद्दाफी येणार म्हणून तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी ती उभारून घेतली. गद्दाफींची ती भेट रद्द झाली, मशीद मात्र राहिली आणि तिच्या भोवती मुसलमान वस्ती वाढली. इथले बहुतेक दुकानदार मारानाव जमातीचे, दूर दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या लानाव सरोवराकाठचे. बाया मोती विकतात, रंगीत मालोंग विकतात. मालोंग म्हणजे शिवून गोल केलेले, अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र.

नमाजनंतर तिथल्या हलाल खानावळीत जेवलो. पियापारान नावाचे कोंबडीचे कालवण होते. खवलेला नारळ, हळद, आले, मिरची. आमची लेक म्हणाली, "हे तर नानीच्या हातचं वाटतं." भात, नारळ, फणस, आंबा, केळी, आपल्या कोकणात जे पिकते तेच तिथेही ताटात. जेवण वाढणाऱ्या बाईंनी पैसे घेतले आणि म्हणाल्या, "सलामत." तिकडे 'सलामत' म्हणजे धन्यवाद. शब्द अरबीतून गेलेला. तशीच त्यांच्या तागालोग भाषेत 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा, 'गुरो' म्हणजे शिक्षक आणि 'दुखा' म्हणजे गरीब. आपल्याकडचे शब्द समुद्रमार्गे केव्हाच तिथे पोचले आहेत.

आणि दीनही पोचला होता. आज जे मनिला शहर आहे, तिथे स्पॅनिश लोक १५७० मध्ये आले तेव्हा राजा सुलेमान नावाच्या मुस्लिम सरदाराची सत्ता होती. त्याचा किल्ला पासिग नदीच्या मुखाशी होता. आजचा सान्तियागो किल्ला त्याच जागी उभा आहे. १५७१ मध्ये स्पेनने शहर ताब्यात घेतले आणि उत्तरेकडची बेटे हळूहळू ख्रिस्ती झाली. दक्षिणेच्या सुलू आणि मिंदानावमधल्या सुलतानांनी मात्र तीनशे वर्षे दाद दिली नाही. स्पॅनिश लोकांनी त्यांना नाव दिले 'मोरो', म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानांसाठी वापरायचे तेच नाव.

नाटकातला 'मोरो'

जेवण झाल्यावर लोलो आम्हाला घ्यायला आले. वाटेत लेकीने विचारले, "लोलो, मोरो म्हणजे वाईट शब्द आहे का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या लहानपणी गावच्या जत्रेत नाटक व्हायचं, मोरो-मोरो. त्यात मोरो नेहमी हरायचा. मी बोटीवर नोकरीला लागलो आणि तुझ्या आजोबांच्या शेजारची खोली मिळाली. पहिली रात्र मी झोपलोच नाही. नाटकातला मोरो आठवत होता." आणि ते खूप हसले. आम्हीही हसलो, पण मनात काहीतरी रुतले.

मोरो-मोरोचा इतिहास असा. १६३७ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर कोर्कुएरा याने मिंदानावच्या सुलतान कुदरतवर चढाई केली. तो विजय साजरा करायला त्याच वर्षी मनिलात एक नाटक झाले. तिथून परंपराच पडली. एक ख्रिस्ती राज्य, एक मोरो राज्य, तलवारींची खणाखणी, मधे एक प्रेमप्रकरण आणि शेवटी मोरोंचा पराभव किंवा त्यांचे धर्मांतर. जत्रेमागून जत्रा, पिढ्यामागून पिढ्या लोक हेच पाहत आले. ज्यांनी आयुष्यात एकही मुसलमान पाहिला नव्हता त्यांनाही मुसलमान कसा असतो हे ठाऊक झाले होते. गंमत म्हणजे सुलतान कुदरत त्यानंतर तीस-एक वर्षे राज्य करत राहिला. आज फिलिपीन्समध्ये त्याच्या नावाचा एक प्रांत आहे.

करमणूक ही नुसती करमणूक नसते. रोज ज्याला रंगमंचावर खलनायक म्हणून पाहतो, त्याच्याकडे रस्त्यातही आपण तसेच पाहू लागतो. हे आपल्याला, विशेषतः आपल्या मुलांना, वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

लोलो म्हणाले, "पण आमच्याच नाटकानं पुढं मोरो-मोरोला मागं टाकलं. उद्या पांदाकानला जाऊ. अटांगच्या गावाला."

नदीकाठचे पांदाकान

पांदाकान हा पासिग नदीच्या वळणावरचा मनिलाचाच एक भाग. आमच्या पिढीतल्या मनिलाकरांना तो माहीत आहे तो तेलाच्या प्रचंड टाक्यांसाठी. दाट वस्तीला लागून असलेल्या त्या टाक्या हलवा म्हणून लोक वर्षानुवर्षे लढले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी मात्र पांदाकानची ओळख वेगळी होती. इथे घरोघरी वाजवणारे आणि गाणारे होते, म्हणून त्याला 'छोटी इटली' म्हणत.

इथेच ११ जानेवारी १९०२ रोजी ओनोराता दे ला रामा जन्मली. घरचे, बाहेरचे सगळे तिला अटांगच म्हणत. त्या वेळी देशावरचे राज्य नुकतेच बदलले होते. स्पेन गेला होता आणि अमेरिका आली होती. शाळांतून इंग्रजी सुरू झाली होती, वरच्या वर्गात स्पॅनिश चालत होती आणि घरात, बाजारात, चुलीपाशी बोलली जाणारी तागालोग या दोन्हींच्या खाली दबलेली होती. सातव्या वर्षी अटांग रंगमंचावर उभी राहिली ती स्पॅनिश भाषेतल्या संगीत नाटकांत. म्हणजे तिची पहिली टाळी परक्या भाषेतली.

स्पॅनिश लोक हे संगीत नाटक बरोबर घेऊन आले होते. त्याला म्हणत सार्सुएला. थोडे गद्य, थोडे गाणे, थोडा विनोद. आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊ म्हणा. पण अटांग जन्मली त्याच वर्षी, १९०२ च्या जूनमध्ये, सेवेरिनो रेयेस या लेखकाने तागालोगमध्ये लिहिलेली सार्सुएला मनिलात रंगमंचावर आणली. त्याच वेळी त्यांनी एक छोटे नाटकही केले. त्याचे नाव 'आर. आय. पी.', आपण थडग्यावर लिहितो ते. कोणाचे थडगे? मोरो-मोरोचे. आता राजे, राजकन्या आणि खोटे मोरो पुरे झाले, आपल्या घरात काय चालले आहे ते दाखवू या, असा तो रोख होता.

हे सोपे नव्हते. १९०१ च्या राजद्रोहाच्या कायद्याने स्वातंत्र्याचा पुरस्कार करणेही गुन्हा ठरवले होते. १९०३ मध्ये ऑरेलिओ तोलेंतिनो या नाटककाराला त्याच्या नाटकापायी अटक झाली. १९०७ पासून फिलिपीन्सचा झेंडा फडकवायलासुद्धा बंदी होती. ती उठली १९१९ मध्ये. अशा काळात आपल्या भाषेत गाणे म्हणणे एवढीही गोष्ट लहान नसते. कुंडिमान नावाचे त्यांचे संथ, आर्त प्रेमगीत आहे. गाणारा प्रेयसीला आळवतो आणि ऐकणाऱ्याला कळते की ही प्रेयसी म्हणजे देश आहे.

फुलवाली आणि सावकार

पंधराव्या वर्षी अटांगला जी भूमिका मिळाली तिने तिचे आयुष्य ठरवले. नाटक होते 'दालागांग बुकिद', म्हणजे शेतशिवारातली मुलगी. लिहिणारे हेर्मोहेनेस इलागान, संगीत लेओन इग्नासिओ यांचे. गोष्ट साधी आहे. आमच्या लेकीला ती लोलोंनी नदीकाठच्या बाकावर बसून सांगितली.

आंहेलिता नावाची गरीब मुलगी एका नाचघराबाहेर फुले विकते. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सिप्रियानोवर तिचे मन आहे. आईबापांना मात्र जुगाराचा नाद. पत्ते आणि कोंबड्यांच्या झुंजी. त्यासाठी पैसा हवा आणि पैसा आहे डॉन सिल्व्हेस्ट्रे या म्हाताऱ्या सावकाराकडे. सावकाराची नजर मुलीवर. आईबाप पोरीला त्याच्याशी लग्न कर म्हणून दडपतात. सावकार पैसे ओतून तिला सौंदर्यस्पर्धेत जिंकवतो, तिच्या राज्याभिषेकाची तयारी करतो. आणि त्याच वेळी ती आणि सिप्रियानो चर्चमध्ये जाऊन रीतसर लग्न लावून येतात. बातमी ऐकून सावकाराला भोवळ येते.

बघा, या गोष्टीत मोरो कुठेच नाही. खलनायक कोण? व्याज. जुगार. आणि स्वतःच्या नादापायी लेकीला गहाण टाकणारे घरचेच लोक. अडीचशेहून जास्त वर्षे ज्या रंगमंचाने परधर्माच्या माणसाकडे बोट दाखवले, त्या रंगमंचावर आता प्रेक्षकांना त्यांच्याच घराचा आरसा दाखवला जात होता. व्याज आणि जुगार या दोन्हींना आपल्या दीनने हराम ठरवले आहे हे वाचकांना सांगायला नको. पण ते घर कसे पोखरतात हे एका ख्रिस्ती देशातल्या पंधरा वर्षांच्या मुलीने हजारो लोकांपुढे गाऊन दाखवले, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

या नाटकातले 'नाबासाग आंग बांगा' म्हणजे 'घडा फुटला' हे गाणे अटांगच्या नावाशी कायमचे जोडले गेले. १९१९ मध्ये होसे नेपोमुसेनो यांनी याच नाटकावर चित्रपट काढला. फिलिपिनो माणसाने बनवलेला तो पहिला कथापट. नायिका अर्थात अटांगच, वय सतरा. चित्रपट मूक होता, मग गाण्याचे काय? तर अटांग थिएटरात जातीने हजर राहत आणि पडद्यावर प्रसंग आला की वाद्यांच्या साथीवर स्वतः गात. आपल्याकडे सहाच वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'च्या राणीसाठी बाई मिळाली नव्हती. ते काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते. यावरून अटांगच्या धैर्याची कल्पना येईल. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. त्या काळातल्या बहुतेक फिलिपिनो चित्रपटांप्रमाणे त्याच्याही प्रती नष्ट झाल्या.

स्वतःचा धंदा, स्वतःचा हिशेब

नटी म्हणून नाव झाल्यावर पुष्कळ जणी दुसऱ्याच्या कंपनीत पगारावर राहतात. अटांग राहिल्या नाहीत. त्या स्वतः नाटके काढू लागल्या, लिहू लागल्या आणि इतर कलावंतांची कामेही बघू लागल्या. 'आनाक नी एवा' आणि 'बुलाकलाक नांग काबुंदुकान' ही त्यांची स्वतःची नाटके.

नाटक काढणे हा धंदा म्हणून कसा असतो याचा विचार करा. पडदा वर जाण्याआधीच पैसा जातो. थिएटरचे भाडे, वादकांचा रोज, कपडे, पडदे, जाहिरात. सात हजारांहून जास्त बेटांच्या देशात दौरा म्हणजे बोटीची तिकिटे आणि सामानाची चढउतार. वादळ आले की बोट अडकली आणि ठरलेला खेळ बुडाला. कलावंतांचे पोट मात्र थांबत नाही. हा सगळा हिशेब एका बाईने सांभाळायचा, तोही अशा काळात जेव्हा रंगमंचावरच्या बाईकडे लोक आधी बोट दाखवत आणि मग तिकीट काढत.

त्या फक्त मनिलाच्या थिएटरांवर थांबल्या नाहीत. गावोगावच्या चौकात, उघड्या मैदानात आणि कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यातही त्यांनी खेळ केले. आम्हाला याचे हसू आले आणि कौतुकही वाटले. गावात माणसे बसायची सोय असलेली मोठी जागा म्हणजे बहुतेक वेळा तो आखाडाच. जिथे बापाने कालच बैल विकल्याचे पैसे हरवले असतील, त्याच जागी बसून त्याने झुंजीच्या नादावरचे नाटक बघायचे!

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. झाम्बालेस आणि सिएरा माद्रेच्या डोंगरांतले आएता, तसेच इगोरोत आणि मांग्यान या आदिवासी जमाती, ज्यांच्याकडे तिकिटाला पैसा नव्हता आणि ज्यांना शहरातले लोक माणसांत धरत नव्हते, त्यांच्याकडे जाऊन त्या गायल्या. हवाई, सान फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, हाँगकाँग, शांघाय, टोकियो इथेही त्यांचे कार्यक्रम झाले. परदेशात मजुरीला गेलेल्या फिलिपिनो लोकांना आपल्या भाषेतले गाणे ऐकून काय वाटले असेल, हे आखातात दिवस काढलेल्या आपल्या भावांना विचारावे.

लोलो म्हणाले, "माझ्या आईनं तिला चौकात ऐकलं होतं. आई सांगायची, ती मोठ्या बाईसारखी आली नाही. आल्या आल्या आधी विचारलं, पोरांनी जेवण केलं का."

बोलपट आले तशी सार्सुएला ओसरू लागली. प्रेक्षकांना अमेरिकी धर्तीची झटपट करमणूक हवी होती. नाच, विनोद, जादूचे प्रयोग, ज्याला तिकडे 'बोडाबिल' म्हणत. अटांग रुसून घरी बसल्या नाहीत. त्या बोडाबिलमध्ये गेल्या आणि दोन अमेरिकी गाण्यांच्या मधे आपला कुंडिमान गाऊ लागल्या. दुकान बदलले, माल तोच ठेवला.

तोन्दोची वर्षे

तिसऱ्या दिवशी लोलो आम्हाला तोन्दोला घेऊन गेले. बंदराला लागून असलेली कष्टकऱ्यांची वस्ती. गोदी कामगार, हातगाडीवाले, मासळीवाल्या. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते. भायखळा-डोंगरीत वाढलेल्यांना तिथे परके वाटणार नाही.

तोन्दोचेच अमादो हर्नांडेझ, कवी, पत्रकार आणि पुढे कामगार पुढारी. १९३२ मध्ये अटांगनी त्यांच्याशी लग्न केले. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या, देशभर गाजलेल्या. पुढे युद्ध आले. जपानने देश घेतला. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिला परत घेण्याच्या लढाईत शहर बेचिराख झाले आणि सुमारे एक लाख नागरिक मेले. ज्या थिएटरांनी अटांगना मोठे केले ते जुने मनिला त्यात संपले.

युद्धानंतर अमादो यांनी कामगार संघटना बांधली. २६ जानेवारी १९५१ रोजी सरकारने त्यांना बंडखोरीच्या आरोपाखाली पकडले. जामीन मिळाला जून १९५६ मध्ये. म्हणजे साडेपाच वर्षे तुरुंग. खालच्या कोर्टाने जन्मठेप सुनावली होती. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. बंडाच्या आरोपाला खून, जाळपोळ असे दुसरे गुन्हे जोडून शिक्षा वाढवता येणार नाही. आजही तिकडचे वकील ते तत्त्व हर्नांडेझ यांच्या नावानेच ओळखतात. पूर्ण निर्दोष सुटका व्हायला मात्र १९६४ उजाडले. तुरुंगात अमादोंनी ज्या कविता लिहिल्या त्या तागालोग साहित्यात मानाच्या समजल्या जातात.

एका माणसाच्या डोक्यावर तेरा वर्षे खटला लटकतो, तेव्हा घर कोण चालवते? ज्या घरांवर असा प्रसंग आला आहे त्यांना हे माहीत आहे. भेटीचे दिवस, वकिलाची फी, शेजाऱ्यांच्या नजरा. 'बंडखोराची बायको' हा शिक्का घेऊन एक गायिका पन्नाशीत उभी होती. तिने नवऱ्याची साथ सोडली नाही. अमादो १९७० मध्ये वारले. तीन वर्षांनी त्यांना राष्ट्रीय कलावंत हा देशाचा सर्वोच्च किताब मरणोत्तर मिळाला. ज्या देशाने तुरुंगात घातले त्यानेच गळ्यात हार घातला.

अटांग त्यानंतर एकवीस वर्षे जगल्या. म्हातारपणीही मुलाखती देत, नव्या गायकांना शिकवत, कुंडिमान कसा म्हणायचा ते गाऊन दाखवत. ८ मे १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी त्यांनाही राष्ट्रीय कलावंत जाहीर केले. नवरा-बायको दोघांनाही हा मान. ११ जुलै १९९१ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. स्पेन नुकताच गेला होता तेव्हा जन्मल्या. अमेरिका, जपान, स्वातंत्र्य, मार्कोसची लष्करी राजवट, सगळे पाहून गेल्या.

घरी परतल्यावर

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा कियापोला गेलो. लेकीला मालोंग घ्यायचा होता. दुकानातली आजी मारावी शहरातली होती. २०१७ मध्ये पाच महिने चाललेल्या लढाईत ते शहर उद्ध्वस्त झाले आणि हे कुटुंब मनिलाला आले. आम्ही तिला विचारले, इथे कसे वाटते? ती म्हणाली, "दुकान आहे, मशीद आहे. पण भाड्यानं खोली बघायला गेलं की आधी नाव विचारतात." आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे वाक्य आम्ही मुंबईतही ऐकले आहे.

म्हणजे मोरो-मोरो पूर्ण मेलेला नाही. एका गायिकेने, एका नाटकाने तो मरतही नसतो. दक्षिणेत वर्षानुवर्षे रक्त सांडले, तेव्हा कुठे २०१९ मध्ये तिथल्या मुसलमानांना बांग्सामोरो हा स्वायत्त प्रदेश मिळाला. आणि आता तिथले लोक 'मोरो' हा शब्द अभिमानाने स्वतःच लावतात. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरातली कीड बघा, हे अटांगच्या नाटकांनी सांगितले. ते सांगणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. आपण त्यांची नावे लक्षात ठेवत नाही, एवढेच.

गाणे-नाटक याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत आणि ती असू द्यावीत. आमच्या घरातही आहेत. पण एक बाई आपल्या कष्टाने कमावते, दुसऱ्यांना रोजगार देते, संकटात नवऱ्यामागे उभी राहते, आपल्या भाषेची लाज बाळगत नाही आणि ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्या दारी जाते. यातले काय आपल्या मुलींना सांगू नये?

मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना तर भाषेची गोष्ट आणखी जवळची. "तुम्ही मराठी कसे?" हा प्रश्न आपल्याला बाहेरचे विचारतात, कधी आपलेही विचारतात. अटांगना स्पॅनिश येत होती, पण पुढे त्या ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली तिच्यात गायल्या. त्यांच्या देशाने शेवटी त्यांचे ऐकले.

अम्मीला हे सगळे सांगून झाले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. फुलवालीची आणि सावकाराची गोष्ट आली तेव्हा तिचे हात थांबले. मग तिने आम्हाला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांनी एका लग्नासाठी आंब्याची बाग गहाण टाकली होती. मुद्दल फिटले, व्याज फिटले नाही. बाग गेली. आणि सावकाराने एकदा, हसत हसत, अम्मीच्या थोरल्या बहिणीचे नाव काढले होते. नानींनी त्याच दिवशी अंगावरचे होते ते सोने विकून हिशेब चुकता केला आणि लेकीची पाठवणी दुसऱ्या गावी केली.

"कोणाला सांगितलं नाही कधी," अम्मी म्हणाली. "लाज वाटायची." थोड्या वेळाने तिने सूप बाजूला ठेवले आणि नातीला जवळ बोलावले. "काय नाव म्हणालीस त्या बाईचं? पुन्हा सांग."